दात डिक्कीत, पाहुणे दारात

नागपूरला उतरले तेव्हा जेमतेम सकाळ होती, पण ऊन असं की आमच्या साताऱ्यात भर दुपारीही पडत नाही. फलाटावर जो तो तोंडाला दुपट्टा गुंडाळून उभा. नुसते डोळे दिसतात. मी भलत्याच माणसाच्या पाठीवर प्रेमाने थाप मारली. तो बिचारा म्हणाला, "मावशी, मी नाही गा तुमचा." मग मागून हाक आली, "अक्का!" तो माझा धाकटा भाऊ, दत्ता.

दत्ता तरुणपणी इथल्या वाडी भागातल्या एका गोदामात कामाला लागला आणि इथलाच झाला. बायको सुमन इथलीच. त्यांच्या लेकीचं, मेघाचं लग्न जुळत आलं होतं. त्याच दुपारी शहरातल्या महाल भागातून मुलाकडची माणसं पक्कं करायला येणार होती. त्यांच्या घराण्यात मुलीच्या आत्याच्या तोंडून होकार घेतल्याशिवाय सुपारी फोडत नाहीत. म्हणून तर मी एवढा प्रवास केला. मेघाला मुलगा मनापासून आवडला होता, आणि मला मेघा.

स्टेशनाबाहेर रिक्षा होत्या, पण दत्ताने आपली जुनी मोटारसायकल आणलेली. तिच्या एका बाजूला पत्र्याची डिक्की. वाटेत म्हणाला, "अक्का, तर्रीपोहे खाल्ल्याशिवाय नागपूर सुरू होत नाही." तर्री म्हणजे चण्याचा लालभडक, तेलाचा तवंग आलेला रस्सा. तो पोह्यांवर ओततात. चव अशी की हात थांबेना. पण माझी कवळी नवी, हिरड्या सोललेल्या. तर्री आत शिरली आणि डोळ्यांतून पाणी आलं. कवळी काढली, धुतली, डबीत ठेवली. दत्ताने डबी घेतली आणि डिक्कीत टाकून कुलूप लावलं. म्हटलं, असू दे, घर काही लांब नाही.

घरी पोचलो. दत्ताने किल्ली फिरवली. फिरली. पुन्हा फिरवली. फिरतच राहिली, गोल गोल. झाकण ढिम्म.

"आतली कडी सुटली," दत्ता म्हणाला. वर आनंदाने म्हणाला. त्याला दुरुस्तीचं काम मिळालं की तो असाच खुलतो.

"मेकॅनिकले बोलवा नं," सुमन म्हणाली. "पाहुणे येऊन राहिले दुपारी."

"कायले? डिक्की माही आहे, मीच उघडीन."

त्याने आधी कुलपात खोबरेल ओतलं. मग खलबत्त्यातला बत्ता आणून ठोकलं. मग मोबाइलवर दुरुस्तीचा व्हिडिओ लावला. त्यातला माणूस तमिळमध्ये बोलत होता आणि दत्ता मान डोलावत होता! मी बोळक्या तोंडाने सांगत होते की कुलपाचा नाद सोड, मागच्या बिजागरीतली सळई ओढून काढ, झाकण पाठीकडून उघडेल. घरच्या ट्रंकेची किल्ली हरवली तेव्हा मी तसंच केलं होतं. पण धाकटा भाऊ साठीचा झाला तरी थोरल्या बहिणीचं ऐकेल तर शपथ. "अक्का, तू आराम कर," म्हणाला.

आराम कसला! मला आठवलं, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की कवळी तापू द्यायची नाही, आकार बिघडतो. आणि हा पत्रा तर भाकरी भाजावी इतका तापलेला. मी हे सांगितलं मात्र, दत्ताने काय करावं? मोटारसायकल ढकलत थेट पुढच्या खोलीत आणली आणि कूलरसमोर उभी केली. वर ओला टॉवेल टाकला. नागपुरात कूलरसमोरची जागा घरातल्या मोठ्या माणसाची. त्या दिवशी तिथे माझे दात बसले आणि आम्ही सगळे घाम पुसत भिंतीला टेकलो.

सुमनने सांबारवडी केली होती. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. कुरकुरीत वडी, खमंग वास, आणि मी ती चहात बुडवून चघळत बसलेली. सोसलं ते सोसलं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि आजी. आजी ताठ, नऊवारीतली, नजर तीक्ष्ण. खोलीत मधोमध मोटारसायकल बघून सगळे उंबऱ्यातच थबकले.

"उन्हानं गाडी तापते नं," दत्ता म्हणाला. बाकी एक शब्द नाही! दुरुस्ती जमली नाही हे त्याला पाहुण्यांसमोर कबूल करायचं नव्हतं. सुमनने मला आधीच बजावलेलं, "ताई, पदर तोंडावरून काढू नका बाप्पा." मीही लाजले. नव्या सोयऱ्यांसमोर बोळकं कोण दाखवणार?

आजींनी विचारलं, प्रवास कसा झाला. मी मान हलवली. पोरगा पाहिला काय? मान हलवली. आमचं घर चालेल नं? पुन्हा मान. आजींचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"अजी भाऊ," त्या दत्ताला म्हणाल्या, "पोरीच्या आत्याले आमचा पोरगा पसंत नाही दिसत. तोंड लपवून बसल्या, एक शब्द नाही काढून राहिल्या. मनात नसन तर जबरदस्तीचं काम नाही."

मुलाच्या वडिलांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. उठायचीच तयारी. स्वयंपाकघराच्या दारात मेघा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दत्ता माझ्याकडे बघतोय, मी दत्ताकडे. तरी हा गप्प!

मग मात्र माझा संयम संपला. पदर बाजूला केला आणि ओरडले, "पसंत आहे हो, शंभरदा पसंत आहे! माझे दात या मेल्याने डिक्कीत कोंडलेत, आणि त्याला कुणाचं ऐकायचं नाही!"

आजी हसायला लागल्या, त्या थांबेचनात. "असं आहे होय! मंग दात लावून पुन्हा सांगा वं बाई. तवाच सुपारी फुटन."

झालं, सगळे पुरुष डिक्कीभोवती. "असं नाही गा, असं." "पेचकस द्या." "थांबा नं, मी पाहतो." जो तो पुन्हा किल्लीच फिरवतोय. शेवटी मी पक्कड उचलून मुलाच्या हातात दिली आणि बिजागरीवर बोट ठेवलं. त्याने मुकाट्याने सळई ओढली. झाकण मागून निघालं. आत डबीशेजारी कडीचा नट पडला होता. धक्क्यांनी सुटलेला, एवढंच. मुलाने तो परत बसवला, आणि पुन्हा सुटू नये म्हणून खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून घातला. मी कवळी लावली. थोडी डुगडुगत होती. "पसंत आहे," म्हटलं, तर शब्दाशब्दाला टक् टक्. आजींनी स्वतः सुपारी पुढे केली.

परतीच्या गाडीत माझ्या मनात एकच येत राहिलं. घरी सगळे मला म्हणतात, आई, जरा गप्प बस. एक दुपार बसले, तर माझ्या गप्प बसण्याचा अर्थ दुसऱ्यांनीच लावला, आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

साताऱ्याला माझा मुलगा न्यायला आला होता. नेहमीसारखा म्हणाला, "कसं झालं? थोडक्यात सांग."

"थोडक्यात नाही सांगणार," म्हटलं, आणि गाडीत बसून पार फलाटापासून सुरुवात केली.