टर्बोच्या शिट्टीखालचा आवाज

आमच्या शेडमध्ये मला किंमत होती ती माझ्या कानांमुळे. स्वयंपाकामुळे नाही, तो कुणीही करतं. मी चौथीपर्यंत शिकले. माझे वडील ठाण्याच्या खाडीत मासे धरायचे. होडी थांबवून ते वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडायचे आणि दुसरं कानाला लावायचे. खाली ढोम्या असल्या की त्यांची कुरकुर लाकडातून वर येते. मलाही त्यांनी ते ऐकायला शिकवलं.

लग्नानंतर मी आंबिवलीला आले. आमचे हे टर्नर. नोकरी सोडून त्यांनी रस्त्याकडेला पत्र्याची शेड घेतली, एक लेथ टाकला. धाकटा दीर गाड्यांची इंजिनं करायचा. माझ्या लग्नात तो चड्डीवर फिरत होता, म्हणून त्याला मी कायम अरे-तुरेच केलं. इंजिनात काही वाजायला लागलं की मी लाकडी दांडका इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि आत कुठे काय गेलंय ते सांगायचे. सहसा चुकायचे नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. ठाण्याचा एक शेठ परदेशी गाडी घेऊन आला. तिला टर्बो होता. आमच्यापैकी कुणी तोवर टर्बो उघडलेला नव्हता. शंखासारखा लोखंडी डबा, आत एका दांड्यावर दोन चाकं. इंजिनाच्या धुराने एक फिरतं, त्याच्या जोरावर दुसरं इंजिनात हवा कोंबतं. मिनिटाला लाखभर फेरे. शेठचं म्हणणं, गाडी सुरुवातीला उडी मारते, पण इंजिनाचे फेरे वाढले की दम सोडते. त्याला ताकद वरच्या फेऱ्यांत हवी होती.

दीर म्हणाला, "धूर कोंडतोय. त्याची वाट मोठी करायला पाहिजे."

ह्यांनी डब्याचं तोंड लेथवर मोठं केलं आणि धुराकडच्या चाकाच्या सगळ्या पात्यांची टोकं सारखी तिरकी कापली. कापायला एक दिवस लागला, तोल साधायला सहा. तोलाचं मशीन आमच्याकडे नव्हतं. दोन जुनी करवतीची पाती उभी आवळून त्यांच्या धारेवर ते चाकाचा दांडा आडवा ठेवायचे. जड बाजू आपोआप खाली येते. ती जरा घासायची, पुन्हा ठेवायचं. तोल साधला की चाक ठेवू तिथे थांबतं.

सहाव्या दिवशी ते थांबलं. हे आणि दीर चहा प्यायला बाहेर गेले. मी तिथेच जेवणाचे डबे धूत होते. वारा नव्हता, पंखा बंद होता. चाक पाव फेरा फिरलं. जरा थांबलं आणि फिरून जागेवर आलं. मी हातातला डबा खाली ठेवला आणि बराच वेळ बघत बसले. पुन्हा काही हललं नाही. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "ट्रक गेला असेल." ट्रक गेला नव्हता.

टर्बो गाडीला चढवला. आमच्याकडे नव्या कामाला हळदकुंकू लावल्याशिवाय बटण दाबत नाहीत. लेथला लावतो, ड्रिलला लावतो. मी बोट आत घालून हवेकडच्या चाकाच्या समोरच्या पातीवर ओलं कुंकू टेकवलं. ह्यांनी हात जोडले. सहा दिवस केसभर तोलासाठी मरमर केलेली माणसं आम्ही, पण कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

इंजिन चालू झालं. मी दांडका लावला. शिट्टी बारीक, स्वच्छ होती. तिच्या खाली दुसरा आवाज होता. भिंतीपलीकडे कुणी तोंड मिटून बोलावं तसा, ठरावीक अंतराने थांबणारा.

"आत काहीतरी आहे," मी म्हणाले.

दोघांनी आळीपाळीने कान लावला. दोघांनाही काही ऐकू आलं नाही.

"वहिनी, ढोम्या शिरल्या असतील," दीर म्हणाला. "कालवण टाक."

"हस तू. पण ही गाडी पळवू नकोस."

"अगं, शेठ उद्या येतोय," हे म्हणाले. "पळवून बघायला नको?"

"मग मी पण बसते."

"बस. पण ओकायचं नाही हां गाडीत," दीर म्हणाला.

भर दुपारी मी आणि दीर खडवलीच्या रस्त्याला लागलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी दांडक्याचं टोक पायापुढच्या पत्र्याला टेकवलं. दिराने पाय दाबला. वरच्या फेऱ्यांत गाडी खरंच सुटली, मी सीटच्या पाठीला चिकटले. तो आनंदाने ओरडला. आणि खालचा आवाज बंद झाला. संपला नाही. आमच्याबरोबर कुणीतरी श्वास रोखला, असं वाटलं.

"थांब," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता थांब."

माझं तोंड बघून त्याने गाडी कडेला घेतली आणि चावी काढली. इंजिन बंद झालं. शिट्टी चालूच राहिली. चाक थोडा वेळ आपल्या जोरावर फिरतं, हे त्याला ठाऊक होतं. पण आम्ही दोघं त्याच्या हातातल्या चावीकडे बघत बसलो आणि शिट्टी संपेना. मग आत टक् झालं आणि सगळं गप्प झालं.

त्याने पाइप काढून बघितलं. हवेकडचं चाक डब्याला घासून चारी बाजूंनी खरवडलं होतं. एका पातीवर माझ्या बोटाचं कुंकू तसंच होतं.

"हे कुणी लावलं?"

"मी."

"ह्याच्यामुळे तोल गेला, वहिनी."

चूक माझी होती, मी ती कबूल केली. घरी हे म्हणाले, कुंकवामुळेच वाचलात. त्यावर दोघं भाऊ दोन दिवस भांडले. मी भांडले नाही. मला एवढंच हवं होतं की पुढच्या वेळी दीर धड घरी यावा.

शेठकडून मुदत मागून घेतली, नवं हवेकडचं चाक आणलं, बेअरिंग बदललं, पुन्हा तोल साधला. कुंकू लावलं नाही. दीर चावी घेऊन बसला. या वेळी तो एकटाच जाणार होता, मला घेणार नव्हता. इंजिन चालू झालं. मी दांडका लावला.

"आहे?" हे म्हणाले.

"आहे."

दीर हसला नाही. खाली उतरला, दांडका माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला. या वेळी बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, "वहिनी, हे मोजतंय."

मलाही पहिल्या दिवसापासून तसंच वाटत होतं. मी ते बोलले नव्हते. आकडे चढत होते की उतरत होते, ते मी त्याला विचारलं नाही. त्यानेही मला विचारलं नाही.

त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि पाना उचलला. डबा चटका बसेल इतका तापलेला होता. ह्यांनी हात धरला, "अरे, थंड तर होऊ दे." "मोजून संपायच्या आत काढायला पाहिजे," म्हणाला आणि थांबला नाही. चारही नट काढून त्याने टर्बो ओढून बाहेर घेतला. तळहाताची कातडी लोखंडाला चिकटून राहिली, तरी त्याने तो शेडबाहेर नेऊन ठेवेपर्यंत हात सोडला नाही.