सईकडे पाहताना

श्रावणातलं ऊन किती निर्मळ, किती प्रसन्न, असं सगळे म्हणतात! मला मात्र मुलुंडच्या आमच्या गॅलरीतून आत येणारं ते ऊन डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झोंबतं, आणि मी पडदा ओढून घेते. अल्बिनिझम घेऊनच जन्मले मी. केसांत, कातडीत, बुबुळांत रंगच नाही. लोक कोड समजतात. ते मनावर घेणं मी कधीच सोडलं, पण तिरळ्या डोळ्याचा सल काही जाईना.

मी घरी गाणं शिकवते. गाण्यात नजरेनेच विचारायचं असतं. गुरूने पाहावं आणि जिच्याकडे पाहिलं तिने सूर उचलावा. माझा डावा डोळा असा बाहेर पळणारा, की मी सईकडे पाहिलं की शेजारची मिथिलाच गायला लागे. सई मुलखाची लाजरी; नाव घेऊन विचारलं तर आणखीच आक्रसायची. एकदा तिची आई दारातच म्हणाली, "बाई, क्लास सोडते म्हणतेय ती. तुम्ही तिच्याकडे बघतच नाही म्हणे." त्या दिवशी मी जेवले नाही.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: ऑपरेशनने डोळे बरेचसे सरळ होतील, दृष्टी वाढणार नाही, आणि दोन्ही डोळ्यांचं जुळलं नाही, तर एकाचे दोन दिसू शकतील. ताई भडकलीच. "वाट लागली तर? चाललंय ना तुझं बरं!" चाललं होतं खरं. पण नुसतं चालण्यालाच का जगणं म्हणायचं?

पट्टी सुटताना मी ताईचा हात घट्ट धरला होता. एकीचे टोमणे सोसवत नाहीत, दोघी दिसल्या तर? धुरकट, नेहमीसारखी, पण एकच ताई दिसली. मी रडले.

चहा अजूनही कपाबाहेर सांडतो. अंतराचा अंदाज येत नाही तो नाहीच. डोळ्यांची लाली उतरल्यावर मुली पुन्हा चटईवर बसल्या. मी सईकडे पाहिलं. मिथिलाने सवयीने तोंड उघडलं, थबकली, मिटलं. सईने मागे वळून पाहिलं. मागे भिंतच होती. गॅलरीतलं ऊन तेवढंच झोंबत होतं, पडदा उघडाच राहिला होता, आणि नजर हलवायची माझी छाती होत नव्हती. मग सईने सा लावला. जरा चढाच लागला. मी तो तसाच राहू दिला.