पायाची बोटं हलत होती का

हैद्राबादला जायला मी निघालो त्या सकाळी माय मला पोचवायला वेशीपर्यंत आली नाही. दादाची कूस बदलायची वेळ झाली होती. ओसरीवरच्या बाजेवर तो उताणा पडलेला, आणि एक हात त्याच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घालून ती वाकलेली. मी पाया पडलो तेव्हा तिचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून तिनं नुसती हनुवटी माझ्या डोक्यावर टेकवली. "नीट जाय," म्हणाली, "अन् ह्याचं काय व्हतंय का बघ तितं." दादा हसला. "डागदर झाल्यावर वळखशील ना बे आमाला?" गाडी हलली. बीड, गेवराई, मग गोदावरी उतरून जालना, आणि तिथून आगगाडी. मी दादाचे पाय आणायला चाललोय असं साऱ्या गावाला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

हे पत्र मी मास्तरांच्या पत्त्यावर पाठवतोय. गावातल्या जाणत्या माणसांनी ते वाचावं, आणि माझ्यासारखे जे पुण्या-मुंबईला, हैद्राबादला गेले त्यांना नकला पाठवाव्यात. गाव सोडलेला माणूस गावाबद्दल गोड गोड लिहितो. मीही तसं पुष्कळ लिहिलं आहे. हे तसलं नाही.

निघण्याच्या तीन महिने आधी, शिमगा झाल्यावर, आम्ही बांधावरची चिंच झोडपत होतो. दादा वर, मी खाली. फांदी मोडली आणि तो पाठीवर आपटला. मी धावलो तर म्हणतो कसा, "काय न्हाई झालं." त्याच्या डाव्या अंगठ्यावर एक मुंगळा चढला होता. तो त्यानं बोटं हलवून झटकला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात शेताच्या त्या टोकाहून माय ओरडत आली. आपल्याकडे जो मरणाला टेकला त्यालाच भुईवर घेतात, हे तुम्हाला सांगायला नको. "जित्या माणसाला भुईवर कावून ठिवलंय? उठव त्याला! बसव, पाणी पाज!" मी दादाच्या काखेत हात घातले आणि त्याला बसता केला. तो एकदाच ओरडला. मग तांब्याभर पाणी प्याला, आणि पायांकडे बघत राहिला. मुंगळा परत अंगठ्यावर चढला. या वेळी तो कुणी झटकला नाही.

हैद्राबादेत पहिलं वर्ष भाषेशी झगडण्यात गेलं. बीडच्या मदरशात शिकलेली उर्दू तिथल्या उर्दूपुढे शेतातून आलेल्या जोड्यासारखी वाटायची. पुढं तीही जमली, तिथलं खाणं जमलं, पायजमा-शेरवानी अंगाला बसली. परीक्षा पास होऊन मी दवाखान्यातच राहिलो, ते करीम आणि नरसिंहम या दोघांमुळे. आम्ही तिघंही पोरसवदा डॉक्टर, आणि तिघांना एकच वेड, मेंदू आणि मणका. करीम हैद्राबादचाच. सर्जन साहेबांच्या हाताखाली तो पाठ उघडायचा, चुरलेलं हाड काढायचा. त्याचा हात इतका हलका की टाका कुठं आहे ते शोधावं लागे. नरसिंहम वरंगलकडचा, दिवसाला दहा शब्द बोलणारा. जे मरीज जगत नसत त्यांच्या मणक्यातली मज्जा तो कागदासारखी पातळ कापून माइक्रोस्कोपखाली बघायचा. माझं काम सगळ्यात सोपं होतं. मला मराठी येत होती. बीड, परभणी, नांदेडकडून माणसं येत, झाडावरून पडलेली, विहिरीत पडलेली, गाडीखाली आलेली. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाची कंबर. त्यांना आणणाऱ्यांशी बोलायचं आणि लिहून घ्यायचं.

जखमा भरत, पाय मात्र येत नसत. का येत नसत, हे आम्हाला दोन वर्षं कळलं नाही. एके दिवशी नरसिंहम माइक्रोस्कोपवरून मान वर करून म्हणाला, हा मार एका वेळचा नाही. करीमनं टेबलावर हात मारला. "बरोबर है मियाँ! गिरा तो हड्डी टूटी. नस तो बाद में दबी ना!" मग मला नवा सवाल दिला गेला. पडल्या पडल्या पायाची बोटं हलत होती का, हे आणणाऱ्याला विचारायचं.

पहिलाच माणूस गेवराईकडचा होता. "व्हय, हालत व्हती की. मंग आमी बसवलं, पाणी पाजलं, तवापासून न्हाई." मी ते लिहिलं. दुसऱ्यानं तेच सांगितलं, तिसऱ्यानंही. तिसऱ्याच्या वेळी माझा टाक थांबला. करीमनं विचारलं, क्या हुआ? मी म्हटलं, शाई संपली. दौत भरलेली त्याला दिसत होती.

त्या दिवसापासून मला माझ्या हातांची भीती वाटते. आम्ही एवढा अभ्यास करून जे शोधलं, ते मी एकोणिसाव्या वर्षी चिंचेखाली करून बसलो होतो. आणि त्याहून भयंकर गोष्ट ही, की मला ते मायनं करायला लावलं होतं.

आम्ही तिघांनी एक पत्रक काढायचं ठरवलं. चारच ओळी. पडलेल्याला उठवू नका. बसवू नका, हलवू नका. सपाट फळीवर, नाहीतर दार काढून त्यावर सरकवून आणा. पाणी निजल्या निजल्याच पाजा. करीमनं उर्दूत लिहिलं, नरसिंहमनं तेलुगूत, मराठी माझ्याकडे. त्या दोघांची पत्रकं छापून गेलीसुद्धा. माझं चार महिने टेबलाच्या खणात पडून राहिलं. ते चावडीवर मोठ्यानं वाचलं जाणार, आणि माय ते ऐकणार. तिला काय कळेल ते मला ठाऊक होतं. रोज म्हणायचो, उद्या.

पाचव्या महिन्यात पाटोद्याकडून एक जवान गडी आला. विहीर खणताना पडलेला, चादरीच्या झोळीत घालून आणलेला. सोबत भाऊ. मी सवाल विचारला. "हालत व्हती," भाऊ म्हणाला, "मायनं बसवलं त्याला." मी तिथून उठलो आणि करीमला सगळं सांगून टाकलं. वाटलं, तो पाठीवर हात ठेवील. तो म्हणाला, "लिख. अभी के अभी लिख." मी उभ्या उभ्या लिहिलं. पत्रक वेळेवर गेलं असतं तर तो गडी आज मोट हाकत असता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण विसरलोही नाही.

मायनं चावडीवर ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकावं, म्हणून पत्रकाच्या आधी मी गावी आलो. सात वर्षं झाली होती. आल्या आल्या दादाला कुशीवर करून डॉक्टरच्या नजरेनं पाठ पाहिली, आणि थक्क झालो. एवढासाही व्रण नाही. आमच्या दवाखान्यात असे मरीज वर्ष काढत नाहीत. पाठ सडते, त्यातच जातात. मायनं साळीच्या भुशाची गादी केली होती आणि दिवसरात्र ती त्याला या कुशीवरून त्या कुशीवर करत होती. कुणी तिला शिकवलं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला आणि माझ्या सर्टिफिकिटाची लाज वाटली.

दिवेलागणीला मी त्या चार ओळी वाचून दाखवल्या. माय तांदूळ निवडत होती. निवडून झाले तेव्हा तिनं एकच विचारलं, "मंग तवा ह्याची बोटं हालत व्हती का?" मी म्हटलं, "व्हय." बाजेवरून दादा लगेच म्हणाला, "मला तर काय आठवत न्हाई माय. हा कायबी सांगतो." ती सूप घेऊन आत गेली.

सकाळी ती पाण्याला गेल्यावर दादानं मला जवळ बोलावलं. "मला सगळं आठवतं," म्हणाला. "तू उचललंस तवाच पाय गेलं. तितंच कळलं मला. सात वर्सं तिला कळू दिलं न्हाई बे मी. अन् तू एका सांजंत सांगून मोकळा झालास." त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्याच दिवशी मी परत निघालो.

आठ महिन्यांनी मास्तरांचं पत्र आलं, दादा गेला. मास्तर, तुम्ही भल्या मनानं लिहिलं होतं. "तुमची आई तुमच्या कागदाबाहेर गेली नाही, मणका मोडलेल्याला हलवायचं नाही म्हणून शेवटपर्यंत तिनं त्याला हलवलं नाही, दादा विनवायचा तरी नाही." मी ते पत्र वाचलं आणि काय झालं ते कळलं. पाठ सडून गेला तो. ताजा मार असेल तेव्हा हलवायचं नाही, आणि पुढं मात्र कूस बदलत राहायचंच, ही पाचवी ओळ मी लिहिलीच नव्हती. तिच्या हातांचं मी कौतुक केलं, आणि दुसऱ्याच क्षणी कागद वाचून ते हात बांधून टाकले. ती समजते, त्याचं आयुष्य तेवढंच होतं. मी तिला तसंच समजू दिलं.

तुम्हाला अजून एक सांगायचं आहे, आणि हे सांगताना माझी मान खाली आहे. पुढच्या खेपेच्या पत्रकात मी ती पाचवी ओळ घातली. ती पत्रकं मुलखात सगळीकडे गेली. आपल्या पाटोद्याचा गठ्ठा तेवढा मी मागे ठेवला, चावडीवर वाचला जाईल आणि माय ऐकेल म्हणून. दादाच्या दहाव्याला मी आलो नाही, त्यानंतरही नाही. गावाहून कुणी भेटलं की मी कामाचं निमित्त सांगायचो. काम होतंच.

मागच्या महिन्यात दवाखान्याच्या आवारात एक गाडी थांबली. स्टेशनवरून आलेली. घराच्या माळवदावरून पडलेली एक बाई, आणि ती एका दारावर निजलेली. आपल्या गावचीच, गवंड्याची बायको. मी पहिल्यांदा तिच्या पायांकडे पाहिलं. बोटं हलत होती. मग दाराकडे पाहिलं. ते आमचं होतं. कडीच्या वरची ठिगळाची पट्टी मीच ठोकलेली. गवंडी म्हणाला, "तुमच्या मायनं दिलं. लोकं उचलाय धावली तर काठी घेऊन आडवी आली. कुणाला हात लावू दिला न्हाई."

करीम आणि मी त्या बाईला बोटभरही वाकू न देता आत घेतलं. पाठ उघडावी लागली नाही. काही महिने निजून काढावे लागतील, पण ती चालणार आहे. दवाखान्यातले लोक माझं अभिनंदन करत होते तेव्हा गवंड्यानं हळूच सांगितलं, "मायनं एक इचारून लिवून मागवलंय. बाई घरी आली की तीच बघनारे तिच्याकडं. कूस बदलायची का न्हाई? बदलायची तर कितीदा?"

तुम्ही शहाणी माणसं आहात, यातला पेच तुम्हाला कळेल. उत्तर 'हो' आहे. दिवसातून कितीतरी वेळा, दोघातिघांनी मिळून, ओंडका फिरवावा तसं एकसंध. 'नाही' लिहिलं तर ही बाई सडेल. 'हो' लिहिलं तर मास्तर ते वाचतील, आणि माय ऐकता ऐकता मागे मोजत दादापर्यंत जाईल. आपण ते आठ महिने काय केलं, हे तिला कळेल.

इथे हैद्राबादेत मला मान आहे. बायको-मुलं आहेत, घर आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण मी लिहिलेलं इथे कुणी जसंच्या तसं मानत नाही. करीम खोडतो, नरसिंहम शंका काढतो, मरीज हकिमाकडे जातात. माझ्या चार ओळींवर मरेपर्यंत विश्वास ठेवला तो एकाच घरानं. घर म्हणजे काय, हे आता मला एवढंच सांगता येतं.

पुढच्या महिन्यात मी येतोय. बाईला त्याच दारावर निजवून आणतोय. जालन्याला गाडी आणि चार माणसं पाठवा. दार परत बसवायला सुतारालाही सांगून ठेवा. कूस कशी बदलायची ते मी चावडीवर सगळ्यांना करून दाखवीन, मागे ठेवलेला गठ्ठाही आणीन. फक्त एक करा. टपाल माझ्या आधी पोचेल, आणि माय तुमच्यातल्या कुणाला तरी विचारील, कागदात काय लिव्हलंय. तिला हे वाचून दाखवू नका. तो येतोय, एवढंच सांगा. उत्तर ऐकताना तिच्यापुढे कागद नको, मी असलो पाहिजे.