गेब्रेची सुटका, माझ्या तोंडून

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता का सांगतोय? माहीत नाही – पण सांगतोय.

मी उंब्रजचा. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो. झेंडावंदनाला शाळेत पहिली खुर्ची माझी असते. कैदेतून निसटून डोंगरात माणसं जमवून लढलेला जवान, अशी माझी ओळख करून देतात. मी कैदेत कधीच नव्हतो.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर आमची तुकडी इथिओपियाच्या सरहद्दीवर होती. तिथं गेब्रे नावाचा पन्नाशीचा दुभाषी होता. तरुणपणी तो तिथल्या सरकारी फौजेविरुद्ध लढलेला. त्याला आणि त्याच्या भावाला पकडून धान्याच्या पेवात, जमिनीतल्या खोल खड्ड्यात टाकलं होतं. भावाचा पाय मोडलेला. एकदा धुळीचं वादळ उठलं, पहारेकरी आडोशाला गेले. भावाच्या खांद्यावर पाय देऊन गेब्रे वर चढला – आणि भाऊ खालीच राहिला. पुढं गेब्रेनं डोंगरात माणसं गोळा केली, वर्षानुवर्षं त्यांचा म्होरक्या होऊन लढला. शेवटी ते ठाणं जिंकून पेव उघडलं, तर आत कुणी नव्हतं. त्याला कुणी शूर म्हटलं की तो उठून जायचा.

तुकडीत आपल्या भागातले दोघंच – मी आणि माण तालुक्यातला बाळू. पाण्याचा टँकर उलटून पेटला, त्यात बाळू गेला. पेटी बंद करूनच घरी पाठवली. आईला तोंड बघता आलं नाही.

मी सुट्टीवर आलो. पारावर लोकांनी विचारलं, तिकडं काय केलंस रं? काय सांगणार? पहारा दिला, पाण्याची वाट बघितली? मी गेब्रेची गोष्ट सांगितली. पेवात मी. आणि खाली राहिलेल्या भावाच्या जागी – होय, बाळू. सरकारनं हे दाबलं, टँकरचं नुसतं नाव केलं, असंही जोडून दिलं. सगळे पुढं सरकून ऐकत होते. कुणीतरी चहा आणून हातात दिला. मला ते आवडलं.

असली गोष्ट माणपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो? बाळूची आई एसटीनं आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"खरं सांग लेकरा. तू निगालास तवा बाळू जित्ता व्हता?"

एका वाक्यात सगळं थांबलं असतं. पण दारात बायको उभी, शेजारी जमलेले –

"व्हय मावशी. जित्ता व्हता."

ती रडली नाही. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "मंग त्या पेटीत दुसरंच कोन तरी व्हतं."

त्यानंतर तिनं बाळूचं श्राद्ध घालू दिलं नाही. त्याची बायको सुमन तेव्हा विशीतली. माहेरच्यांनी तिच्यासाठी विट्याचं स्थळ बघितलं होतं. मुलाचं परगावी सोनं गाळायचं दुकान. नवरा जिवंत असताना दुसरं लगीन कसलं, म्हणून म्हातारीनं ते मोडलं. सुमन थांबली. मला सगळं कळत होतं. तरी दरवर्षी मी शाळेत उभा राहून तेच सांगत होतो. एका वर्षी म्हातारी मुद्दाम ऐकायला आली, पुढं बसली. मला लाज वाटली का? नाही. त्या दिवशी मी जास्त रंगवून सांगितलं – बाळू खालून काय म्हणाला, तेसुद्धा.

यंदा उन्हाळ्यात म्हातारी गेली. दिवसकार्य उरकल्यावर सुमन माझ्याकडं आली. केस पिकलेत. कपाळावर कुंकू, गळ्यात काळे मणी.

"भावजी, आत्याबाई गेल्या," ती म्हणाली. "आता मला तरी सांगा. ह्यांची वाट बगू का नगो?"

घरात आम्ही दोघंच होतो. ऐकायला दुसरं कुणीही नव्हतं.

"काय सांगता येत न्हाई, वहिनी."

तिनं मान हलवली. पदर सारखा केला. मग परतीची दहिवडीची गाडी कवा हाय, असं विचारलं. मी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेलो. गाडीला उशीर होता. आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो, आणि गाडी येईपर्यंत मी काही बोललो नाही.