थोरले फादर, धाकटे फादर

अंधेरीच्या पूर्वेला तेव्हा निम्मी भातशेतीच होती. आमचं गावठाण त्या शेतांच्या कडेला, आणि आमचं घर देवळाच्या अगदी लागून. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणायचो, अजूनही म्हणतो. मी गावातल्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत नुकती शिकवायला लागले होते. पपा एका सिनेमा स्टुडिओत सुतार होते. दिवसभर प्लायवूडचे राजवाडे उभे करायचे आणि रविवारी देवळात व्हायोलिन वाजवायचे. गायकवृंद त्यांच्याच हाताखाली. त्यात मीही होते.

देवळाचे मुख्य पाद्री म्हणजे थोरले फादर. गोव्याचे. साठी उलटलेली, अंगानं जाड, आवाज घोगरा, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. लॅटिनवर त्यांचा जीव. मिस्सा, म्हणजे आमची देवळातली मुख्य उपासना, तेव्हा सगळीकडेच लॅटिनमध्ये व्हायची, पण आमच्या थोरल्या फादरांसारखं लॅटिन वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत कुणाचं नाही, असं पपा छाती फुगवून सांगायचे. प्रवचन मात्र ते कोकणी, मराठी आणि इंग्रजी एकाच पातेल्यात ढवळून द्यायचे. लोकांना त्याचीही सवय झाली होती.

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसत. माय त्यांना काळी कॉफी देई. ते आणि पपा जुन्या भजनांवर, सुरांवर बोलत, आणि हल्लीच्या जगाचं कसं वाटोळं झालंय यावर त्या दोघांचं ताबडतोब एकमत होई.

अशात धाकटे फादर आले. वसईकडचे, तिशीच्या आतले, सडपातळ. आल्या आठवड्यातच ते सायकलवरून सगळा पाडा फिरले. झगा वर खोचून, पायात चपला. माझ्या आजीच्या वयाच्या बायकांनी तोंडावर पदर धरला.

थोड्याच दिवसांत ते आमच्या दारात उभे. मला म्हणाले, "बाय, तू मराठी शिकवतेस ना? मला मराठीत प्रवचन द्यायचंय. सेमिनरीत पाद्री व्हायला शिकलो ते सगळं इंग्रजी आणि लॅटिन. माझं मराठी म्हणजे घरचं, शेतावरचं. जरा नीट करून दे."

मी उत्साहानं करून दिलं. जितके जड शब्द माझ्या पाठ्यपुस्तकांत होते तितके त्यात घातले. रविवारी त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचलं. लोक माना खाली घालून बसले. बाहेर पडताना शेजारची म्हातारी मायला म्हणाली, "पोरगा चांगला हाय, पण काय बोलतो ते कळत नाय. त्यापरीस लॅटिन बरी."

धाकट्या फादरांच्या कानावर ते गेलं. पुढच्या रविवारी त्यांनी माझा कागद घरीच ठेवला आणि वसईच्या शेतावरच्या भाषेत बोलले. म्हाताऱ्या चक्क हसल्या, आणि शेवटी एक-दोघींनी डोळे पुसले.

पपांना मात्र ते रुचलं नाही. "देवळात हसायचं? उद्या शिट्या वाजवतील."

"लोकांना कळलं तर बिघडलं काय?" मी विचारलं.

"देवाला कळतं ना? मग झालं."

त्यातच रोमहून नवे हुकूम यायला लागले होते. आधी मिस्सेत कम्युनियन, म्हणजे प्रसादाची भाकर, घ्यायची असेल तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. आता पाणी चालेल म्हणाले. मग उपासाचे तास कमी झाले आणि संध्याकाळच्या मिस्सेला परवानगी मिळाली. गावातली बरीच माणसं कारखान्यांत लागली होती. रविवारच्या सकाळच्या पाळीमुळे त्यांची मिस्सा बुडायची. धाकटे फादर म्हणाले, आपण रविवारी संध्याकाळी मिस्सा ठेवू.

ओट्यावर त्या दिवशी मोठी सभाच भरली. पपा म्हणाले, "संध्याकाळची मिस्सा? सिनेमाचा फर्स्ट शो आहे काय तो? मग इंटरव्हलला चहा पण द्या."

थोरल्या फादरांनी कॉफीची कपबशी खाली ठेवली. "हें पळय," ते पपांना म्हणाले, "मलाही आवडलेलं नाही. पण हुकूम रोमचा आहे. तुला पोपपेक्षा जास्त कळतं?"

संध्याकाळची मिस्सा सुरू झाली. पण तिला पपांनी व्हायोलिन काही उचललं नाही. उपासही ते जुन्या पद्धतीचाच धरायचे, पाण्याच्या थेंबाशिवाय. माय मात्र गुपचूप संध्याकाळच्या मिस्सेला जायला लागली. मला म्हणाली, "सकाळी चहा घेऊन शांतपणे स्वयंपाक होतो गं. देव तोच ना."

खरी ठिणगी पडली ती राजकारणावरून. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. पलीकडच्या चाळीत कोकणातली गिरणीकामगार कुटुंबं राहायची, तिथली पोरं आमच्या भिंतींवरसुद्धा 'मुंबई आमची' लिहून जायची. आमच्यातले शिकलेसवरलेले बरेच लोक उलट मताचे. मुंबई वेगळी राहिली तर आपलं बरं, असं म्हणणारे. गावठाणातल्या आम्हा लोकांची मायबोली मराठी, पण आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

धाकटे फादर चळवळीच्या एका सभेला गेले. लपून नाही, पांढरा झगा घालून मैदानात लोकांत उभे राहिले. सरकारी कचेरीत कारकून असलेले आमचे हिंदू शेजारी दुसऱ्या दिवशी पपांना रस्त्यात भेटले. "तुमचे फादर काल आमच्या सभेला! झकास वाटलं हो." पपांचं तोंड कडू झालं.

त्याच आठवड्यात, आम्ही देवळाच्या बाजूच्या खोलीत गाण्याची तालीम करत होतो तेव्हा बंगल्यांत राहणारे आमच्यातलेच काही साहेबलोक सूट घालून थोरल्या फादरांकडे आले. मधलं दार उघडंच होतं. पपांनी व्हायोलिन थांबवलं. सगळं ऐकू येत होतं.

"हा मुलगा पाद्री आहे की पुढारी?" एक जण म्हणाला. "आम्ही बिशपस्वामींना भेटणार आहोत. त्याला इथून हलवा."

थोरल्या फादरांचा घोगरा आवाज आला, "सभेला त्याला मी पाठवलं होतं. गावात काय चाललंय ते मला कळायला नको? बिशपस्वामींना भेटायचं तर माझं नाव सांगा."

साहेबलोक आले तसे गेले. आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो, कारण ते धादांत खोटं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. आदल्याच दिवशी थोरल्या फादरांनी धाकट्यांना सभेवरून इतकं झापलं होतं की आवाज रस्त्यापर्यंत आला होता.

थोड्या वेळानं त्यांनी धाकट्या फादरांना हाक मारली. "ये इकडे. तुझ्यापायी या वयात खोटं बोललो. आता पापनिवेदन करायचं तर ते ऐकून क्षमा द्यायला या देवळात दुसरा पाद्री आहे कोण? घे गळ्यात पट्टा, बस खुर्चीत."

पपांनी उठून मधलं दार हळूच लावून घेतलं. आत काय झालं ते कुणालाच कळलं नाही आणि कळू नयेच. पण त्या दिवशी तालीम पुढे झाली नाही. पपा व्हायोलिन पेटीत ठेवताना स्वतःशीच हसत होते.

मात्र त्या दोघांत एक विषय असा होता की तिथे हसणं नव्हतं. गोवा. धाकट्या फादरांचं म्हणणं, पोर्तुगीजांनी आता जायला हवं. एकदा आमच्या ओट्यावरच ते तावातावानं बोलायला लागले. थोरले फादर ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाबा रे, राज्य कुणाचं असावं ते तू ठरव. तुझं बरोबरही असेल. पण हद्द बंद आहे, बोट बंद आहे, आणि माझी बहीण पलीकडे एकटी आहे. तिचे पाय सुजतात. मला तेवढंच दिसतं."

धाकटे फादर उठून गेले नाहीत. कॉफी संपेपर्यंत ते खाली बघत बसले.

त्या बहिणीनंच थोरल्या फादरांना वाढवलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. आई लवकर गेलेली. बहिणीनं लग्न केलं नाही, भावाला पाद्री केलं. रोज सकाळच्या मिस्सेत ते तिच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायचे.

एका दुपारी त्यांच्या गावचा एक माणूस आला. बोटीवर स्वयंपाकी असलेला. बेळगावाकडून कसाबसा हद्द ओलांडून मुंबईला पोचला होता. माय तेव्हा फादरांच्या घरी दळण द्यायला गेली होती. तिच्यासमोरच त्यानं सांगितलं की बहीण वारली. आत्ता नव्हे. पाऊस सुरू व्हायच्या आधीच. तेव्हा दिवाळी जवळ आली होती.

माय सांगायची, थोरले फादर रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग एवढे दिवस मी तिच्या तब्येतीसाठी काय मागत होतो?"

मायनं निरोप दिला आणि धाकटे फादर सायकल रस्त्यातच टाकून धावले. त्यांना पाहून थोरले फादर म्हणाले, "तिच्यासाठी मिस्सा तू गा. माझ्या गळ्यातून येणार नाही."

ती मिस्सा अख्ख्या गावाला आठवते. धाकटे फादर काळे कपडे घालून वेदीपाशी उभे राहिले आणि त्यांनी मृतांसाठीची जुनी लॅटिन मिस्सा गायली, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, एकही जागा न चुकवता. त्यांचा आवाज इतका गोड आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. पपा माझ्या शेजारी उभे होते. पुटपुटले, "गळा आहे रे पोराला. एवढं येतं, मग त्या मराठीच्या मागे का लागलाय?"

थोरले फादर पुढच्या बाकाशी आमच्यासारखेच गुडघ्यांवर बसले होते. पाठमोरे ते एकदम लहान दिसत होते. मिस्सा संपली तरी कुणी उठेना. तेव्हा ते उठले, लोकांकडे वळले आणि कोकणीत म्हणाले, "माझी बहीण मला निजवताना एक गीत म्हणायची." आणि ते गायला लागले. देवळात, वेदीसमोर, कोकणीत. आमच्यापैकी कुणालाच ते गीत येत नव्हतं. दोन ओळींतच त्यांचा आवाज फाटला.

मी पपांकडे पाहिलं. त्यांनी व्हायोलिन केव्हा खांद्याला लावलं मला कळलंही नाही. त्यांनी सूर धरला, फादरांच्या किंचित मागे राहून, जसं आपण म्हाताऱ्या माणसाच्या मागे एक पाऊल ठेवून चालतो तसं. फादर परत गायला लागले आणि गीत पुरं झालं.

मला वाटलं, झालं, आता पपा विरघळले. पुढच्याच आठवड्यात मी विचारलं, "मग धाकट्या फादरांनी देवळात गायला नवं मराठी भजन बांधलंय, ते वाजवणार ना?"

"नाही," पपा म्हणाले. "ते त्यांचं दुःख होतं. हे तुमचं फॅड."

यावर थोरले फादरच बोलले. ओट्यावर बसून म्हणाले, "ऐक. मिस्सा लॅटिनमध्येच राहील, मी जिवंत असेपर्यंत. पण मे महिन्यात क्रुसापाशी लोक संध्याकाळी प्रार्थनेला जमतात, तिथे यांची मराठी असू दे. आणि तिथे व्हायोलिन तू वाजवायचं."

"फादर, तुम्ही पण?"

"मी सांगतो म्हणून वाजव. आवडलं पाहिजे असं कुठे म्हणालो?"

मेमध्ये गावठाणाच्या नाक्यावरच्या क्रुसाला झेंडूच्या माळा घातल्या, उकडलेले चणे वाटले, आणि आम्ही मराठी भजन गायलो. पपांनी वाजवलं, भुवया चढवून, कुणाकडे न बघता. चाळीतली माणसंही येऊन उभी राहिली. भजन संपल्यावर त्यातली एक मालवणी बाई मला म्हणाली, "गाणां बरां आसा गो. आमका पण कळला." मी ते पपांना सांगितलं. ते म्हणाले, "मधला सूर चुकीचा बांधलाय त्यानं. सांग त्याला, मी बदलून देतो." आणि त्यांनी तो खरंच बदलून दिला. देवळाच्या आत मात्र त्यांनी मराठी भजन वाजवलं ते पुढच्या दशकात, रोमनंच लॅटिन सोडलं तेव्हा. आणि त्या रविवारी घरी येऊन ते जेवले नाहीत.

धाकट्या फादरांची बदली समुद्रकाठी मढच्या कोळीवाड्यात झाली. साहेबलोकांमुळे की काय, आम्हाला कधी कळलं नाही. निरोपाच्या वेळी, कोळणींच्या गावात जातोय म्हणून, बायकांनी त्यांची खूप थट्टा केली. थोरले फादर दारापर्यंतही आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले.

त्यानंतर काही वर्षांनी गोवा भारतात आला आणि वाट मोकळी झाली. थोरले फादर तेव्हा खूप थकले होते, त्यांना एकट्यानं प्रवास जमणार नव्हता. मढहून धाकटे फादर आले, त्यांची पेटी उचलली आणि दोघं बोटीनं गेले. पोर्तुगीज गेले म्हणून एकानं आनंद दाखवला नाही, की दुसऱ्यानं दुःख, असं धाकटे फादर परत आल्यावर सांगत होते. बोटीवर दोघांनी फक्त माशांवरून वाद घातला.

बहिणीची कबर गावच्या देवळामागे होती. थोरले फादर तिथे बराच वेळ बसले. गावातली एक म्हातारी आली, त्यांना ओळखून रडली, आणि मग धाकट्या फादरांकडे बोट करून तिनं विचारलं, "हो कोण तुमचो?"

थोरले फादर कबरीवरची पानं बाजूला करत होते. मान वर न करता ते म्हणाले, "भाचो."