पंगत मोडणारी सरसूकाकी

सरसूकाकी आमच्या घरी पुढच्या दाराने कधी आलीच नाही. मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरायची आणि कुणाची विचारपूस करण्याआधी चुलीवरच्या भांड्यांची झाकणं काढायची. आमटीचे दोन थेंब तळहातावर घेऊन चाखायची. मग माझ्या आईकडे वळून, "ह्यां जेवण काय गो मिठागर?" आई चिडायची, पण त्याचा काही उपयोग नसे. चिडण्यात सरसूकाकीला हरवेल असं माणूस लाटंबार्श्यापासून डिचोलीपर्यंत जन्मलेलं नव्हतं. ती दुधावर चिडायची, मांजरावर चिडायची, बस वेळेवर आली तर "आज बरी इली मेली!" म्हणून बसवरही चिडायची. ती आता नाही. असती तर हे लिहिण्याची माझी हिंमत झाली नसती.

माझ्या वडिलांच्या चुलत भावाची ती बायको. नवरा वासूकाका खाणीवर ट्रक चालवायचा. एका दुपारी तो घरी आला, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय म्हणाला आणि ओट्यावर बसला. सगळा वाडा जमला. सगळ्यांनी एकमुखाने निदान केलं : वारो. म्हणजे गॅस. कुणी ओवा आणला, कुणी पाठीला तेल चोळलं, आणि सरसूकाकीने स्वतःच्या हाताने लिंबू पिळून सोडा पाजला. तीन तास आम्ही ढेकर येण्याची वाट पाहिली. ढेकर आला नाही. वासूकाका गेला.

पोटासाठी मग तिने लग्नकार्याचा स्वयंपाक करायला सुरुवात केली. हात असा की वर्षभरात आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या वार्षिक समाराधनेच्या जेवणाची चूलही तिच्याकडे आली. म्हणजे, देवाचा नैवेद्य भट वेगळा शिजवायचे. देवाला विधवेच्या हातचं चालत नसे, चारशे माणसांना चालत असे. देवळामागच्या मांडवात, पदर खोचून, हातात नारळाच्या करवंटीचा डवला घेऊन ती उभी राहिली की देवळाचे मानकरी महाजनसुद्धा तिकडून जाताना आवाज खाली आणत.

अशात आमच्याकडे हृदयरोग टाळण्याचा एक कार्यक्रम आला. शहरातून एक तरुण डॉक्टरीणबाई, दोन परिचारिका आणि रक्तदाब मोजायचं यंत्र. बाई म्हणाल्या, औषध आम्ही देऊ, पण गावाने स्वतः पुढे आलं पाहिजे. गाव लगेच पुढे आलं, म्हणजे गावाने समिती नेमली. देवस्थान समितीवर जी सात माणसं होती तीच लोकसहभाग समितीवर बसली, फक्त खुर्च्या वेगळ्या. अक्षर बरं म्हणून दोन्हीकडे चिटणीस मी. महिलांचा प्रतिनिधी हवा म्हणून सरसूकाकीला घेतलं, आणि पहिल्याच बैठकीत तिला सांगितलं, "चहा-भज्यांचं तेवढं बघ."

त्या बैठकीत डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखवून समजावलं. छातीत दाबल्यासारखं होतं, डावा हात भरून येतो, घाम फुटतो. असं झालं की बसायचं नाही, घरगुती उपाय करायचे नाहीत, तडक इस्पितळ गाठायचं. आम्ही माना डोलावत होतो. सरसूकाकी चहाचं तबक घेऊन दारात उभी होती, ती तशीच राहिली.

"म्हणजे तो वारो नव्हतो," ती म्हणाली.

तिने तबक ठेवलं, भज्यांची ताटली आमच्यापुढे आपटली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. थोरल्या महाजनांनी एक भजं तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "सरसू, ह्यात मीठ घालूंक विसरलंस?"

"विसरूक नाय," कोपऱ्यातून आवाज आला. "आता घडयेभर आधी मीठ कमी करूचो ठराव हात वर करून कोणी केलो? माझ्या म्हशीन?"

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. महाजन हसले नाहीत.

त्या दिवसापासून काकी घराघरांतली झाकणं काढत फिरू लागली. समितीने काय केलं? समितीने फलक रंगवला. काकीने मात्र बारा घरं अंगावर घेतली, मग चोवीस. मीठ घालायची मोठी कुलेर, म्हणजे चमचा, उचलून न्यायची आणि लहान आणून द्यायची. यंत्राच्या दिवशी काजूच्या बागेतून पुरुषांना हाकून आणायची. "हात पुढे कर. पट्टो बांधतत, बेडी नाय!" माझे वडील डोकं दुखलं तरच रक्तदाबाची गोळी घ्यायचे; डोकं थांबलं की गोळीही थांबायची. थोरले दीर म्हणून ती त्यांच्याशी समोरासमोर कधी बोलत नसे. मग ती भिंतीशी बोलायची : "भिंती, तुझ्या धन्याक सांग, गुळी ही रोजची. देवाक दिवो डोकां दुखलां तरच लावतत काय ते?" वडील भिंतीमार्फतच उत्तर देत, "घेतंय म्हणून सांग." आणि गोळी खिशात टाकून विसरत.

पुढच्या समाराधनेला जे झालं ते सांगण्यासाठी आमच्या पंगतीचा नियम सांगावा लागेल. देवापुढची पंगत एकदा बसली की शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी उठायचं नाही. मधे उठणं म्हणजे पंगत मोडणं, आणि पंगत मोडणं म्हणजे देवाचा अपमान. विंचू चावला तरी माणूस बसून राहील, असा आमच्या लोकांचा निग्रह. याचा आम्हाला अभिमानही होता.

भर दुपारची पहिली पंगत. वडील थोरल्या महाजनांशेजारी. मी वाढत होतो. वडिलांनी भाताला हात लावलेला नव्हता. कपाळावरून घाम टपटप पत्रावळीवर पडत होता. मी वाकून विचारलं, ते म्हणाले, "वारो धरलो. बसतंय. पंगत होऊं दे."

आणि मी, लोकसहभाग समितीचा चिटणीस, ज्याने ती सगळी लक्षणं स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घेतली होती, तो मी सोडा शोधायला निघालो.

वाटेत काकी भेटली. "खंय चललंस?" मी सांगितलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. हातातला डवला तिने जमिनीवर टाकला आणि धावत पंगतीत शिरली. दोन पत्रावळी तिच्या पायाखाली गेल्या. चारशे माणसांसमोर तिने थोरल्या दिराचं मनगट धरलं.

"भावोजी, उठा!"

"सरसू!" महाजन गरजले. "पंगत मोडता! देवाची पंगत!"

"देव जेवून मोकळो झालो! ह्यो माणूस मरता!" ती ओरडली. "माझ्या हातान एक मारलंय मी, दुसरो मारूचंय नाय! गाडी काढा! काढतात काय नाय रे, मेल्यांनो?"

कुणी हललं नाही. खोटं कशाला सांगू, मीही क्षणभर हललो नाही. तिने एकटीने वडिलांना उभं केलं, त्यांचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि चालू लागली. तेव्हा कुठे मी धावलो. भाजीचे डबे आणलेला टेम्पो देवळाबाहेर होता. त्यात केळीच्या पानांवर वडिलांना निजवलं. इस्पितळातले डॉक्टर नंतर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती.

वडील वाचले. आणि आठ दिवसांनी देवस्थान समितीने ठराव केला : पंगत मोडल्याबद्दल सौ. नव्हे, श्रीमती सरस्वती यांनी देवापुढे क्षमेचा नारळ ठेवावा. तोवर समाराधनेची चूल त्यांच्याकडे नसावी. "श्रीमती" ही दुरुस्ती थोरल्या महाजनांनी आवर्जून करून घेतली. ठराव लिहिला मी. माझे वडील घरी उशीला टेकून बसलेले असताना, ज्या बाईमुळे ते बसू शकले तिच्याविरुद्ध, मी शुद्ध मराठीत लिहिला. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तो कागद तिला नेऊन देण्याचं कामही माझंच. तिने ऐकला. "देवाक मी रोज नारळ दितंय," ती म्हणाली. "पण क्षमा कित्याक? उठूं नको म्हणान देवान कधी सांगलां? तुम्ही सांगलात. तुमच्यापुढे नारळ फोडूचो तर डोक्यार फोडीन." आणि कागद माझ्यासमोर चुलीत घातला.

त्याच सुमारास कार्यक्रमाचा अहवाल गेला. त्यात समितीचा फोटो होता आणि खाली शेरा : लोकसहभाग उत्तम. काकीचं नाव कुठेही नव्हतं.

पुढल्या वर्षी डिचोलीहून कंत्राटी आचारी आणले. पंगत बसली, पानं वाढून झाली. थोरल्या महाजनांनी श्लोक म्हणायला तोंड उघडलं, आणि शेजारचे माझे वडील उभे राहिले. उभ्या आयुष्यात कुणाला उलट न बोललेला माणूस.

"बसा हो," महाजन दबक्या आवाजात म्हणाले. "पंगत मोडता."

"मोडूं दे," वडील म्हणाले. "गेल्या वर्षी मोडली म्हणान ह्या वर्षी मी बसलंय."

ते चपला न घालता देवळाबाहेर पडले. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि मागे निघालो. मग आईने बायकांच्या पंगतीतून उठून पदर सारखा केला. मग आणखी कुणी, आणखी कुणी. काकीच्या अंगणात पोचलो तेव्हा मी वळून पाहिलं. निम्मी पंगत होती. महाजन नव्हते, अर्थात.

काकी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. आमच्याकडे पाहिलं आणि उठली. वडील पुढे झाले, त्यांनी हात जोडले. मला वाटलं, ती आता रडेल. तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, सावकाश, एकेका तोंडावर थांबत. माझ्यावर जरा जास्तच थांबली.

"इतकी माणसां," ती म्हणाली, "गेल्या वर्षी खंय होती?"

आणि सूप उचलून आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं, पण आत या म्हणाली नाही. आम्ही उन्हात उभे राहिलो.