वेंकोबाची जीभ

लॉरी फाटकातून आत आली की वेंकोबा मूठभर वाळू उचले, त्यातली चिमूटभर जिभेवर ठेवी, थुंके आणि मान हलवी. मान उभी हलली तर लॉरी आत, आडवी हलली तर परत. तांबरमच्या पुढच्या त्या गोल्फ क्लबात गवत कापणारा म्हणून लागलेला हा तंजावरकडचा मराठी माणूस एकतीस वर्षांनी मैदानाचा मुकादम झाला होता. क्लबात सातवी ग्रीन नव्याने तयार होत होती. ग्रीन म्हणजे चेंडूचं भोक असलेली मऊशार हिरवळ. तिच्याखाली पाइप, त्यावर बारीक खडी, आणि वर काथ्याच्या भुशात कालवलेली फूटभर वाळू. वाळूत समुद्राचं मीठ असलं की गवताची मुळं जळतात. पहिला नमुना प्रयोगशाळेत जाई. रोजच्या लॉऱ्या मात्र वेंकोबाच्या जिभेवर.

कार्तिकात आलेला ताप उतरला आणि चव घेऊन गेला. येईल परत, म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही. वाळू जिभेवर ठेवायचा आणि नुसता रंग बघून मान हलवायचा.

घरी बायको विजयलक्ष्मी नैवेद्याआधी काही चाखत नसे. सासूने घातलेला नेम तिने कधी मोडला नव्हता. मीठ कमी की जास्त हे पहिल्या घासाला वेंकोबाच सांगे, तेही सरळ नाही: "आज देवास पथ्य होतं काय?"

माघातल्या एका शुक्रवारी ती आंबट वरणात मीठ घालायला विसरली. तो दोनदा वाढून घेऊन जेवला. मागून तिने पहिला घास घेतला तेव्हा तिला कळलं. शनिवारी तिने मुद्दामच मीठ घातलं नाही. रविवारी दुप्पट घातलं. त्याबद्दल देवापुढे आधीच हात जोडले होते. वेंकोबा ताट पुसून उठला.

"तुम्हांस चव नाही," ती म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"कार्तिकापासून."

"मग वाळू कोण बघतंय?"



सोमवारी त्याने डब्याच्या सर्वांत लहान पुडात सातव्या ग्रीनची वाळू आणली. बुधवारी तिथे गवत लावायचं होतं. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू चाखून सांग."

तिने चूळ भरली, चिमूट जिभेवर ठेवली आणि घाईने मोरीकडे गेली. तेवढ्यावरूनच त्याला कळलं.

"खारट," ती परत येऊन म्हणाली. "सगळी तुम्हीच पास केली?"

"सगळी."

निवृत्तीला चौदा महिने होते. लॉरीवाल्या सुब्बाने फसवलं म्हणता आलं असतं, नमुनाच चुकला म्हणता आलं असतं. दोन्ही त्याच्या मनात येऊन गेलं.

मंगळवारी सकाळी तो पद्मनाभसरांपुढे उभा राहिला. हा अधिकारी त्याच्या मुलाच्या वयाचा. सातवी ग्रीन उकरावी लागेल, वाळू मीच पास केली, माझ्या जिभेला चव उरलेली नाही, एवढंच त्याने तमिळमध्ये सांगितलं.  पद्मनाभने फोन करून गवताची गाडी थांबवली. फाटकाशी मीठ मोजायचं यंत्र येईल, म्हणाला, आणि वेंकोबाने उद्यापासून अवजारांच्या खोलीत बसावं.

त्या संध्याकाळी विजयलक्ष्मीने देवाची वाटी आधी बाजूला काढली. मग पळीतलं वरण तळहातावर घेऊन चाखलं, थोडं थांबली, आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "मीठ बेताचं आहे. या जेवायला."